टिचकीवाल्यांचं दोन

आमच्या मुतखड्याच्या खोलीत एक गृहस्थ बावीस वर्षं मशीन चालवत होते आणि बावीस वर्षांत त्यांच्या टेबलावर एकाही माणसाला म्हणावं तसं दुखलं नव्हतं. हे मी नाही सांगत, कागद सांगतात. कानांनी ऐकलेलं वेगळं होतं, पण ते फाइलला कोण लावतं! सगळं हॉस्पिटल त्यांना तोंडावर टेक्निशियनसाहेब म्हणायचं आणि पाठीमागे टिचकीवाले. पेशंट टेबलावर आडवा झाला की हे त्याच्या मनगटावर मधल्या बोटाने एक टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "बस, एवढंच. याहून जास्त दुखलं तर मला सांगा." लोक सांगायचे. चांगलं ओरडून सांगायचे. पण तोवर हे काचेपलीकडच्या केबिनमध्ये आपल्या खुर्चीत जाऊन बसलेले असायचे.

मी त्या खोलीतली सिस्टर. नऊ वर्षं मी काचेच्या अलीकडे, म्हणजे ओरडणाऱ्याच्या बाजूला, उभी होते. त्यामुळे हे सगळं सांगायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते. तो कितपत आहे ते पुढे कळेलच.

मशीनचं काम तसं सरळ आहे. पेशंट उताणा झोपतो. कुशीला जेली चोपडतात, पाण्याने भरलेली एक रबरी उशी कमरेला चिकटवतात आणि त्या उशीतून खड्यावर नेम धरून हादरे सोडतात. आम्ही त्यांना शॉट म्हणतो. मिनिटाला साठ, असे एका खेपेला तीन हजार. खडा फुटून त्याची रेती व्हावी आणि ती लघवीवाटे निघून जावी, असा बेत. कापाकापी नाही, टाके नाहीत. फक्त पाऊण तासाहून जास्त वेळ बरगडीखाली आतून कुणीतरी हातोडी मारत असतं. आम्ही दंडात एक इंजेक्शन द्यायचो, ते कुठल्या कुठे विरून जायचं. मग पेशंट अंग चोरायचा, श्वास रोखायचा, आणि तो हलला की खडा नेमातून सरकायचा. शॉट वाया, खडा शाबूत. लगेच केबिनमधून माइकवर आवाज यायचा, "हलू नका हो काका, तुमचंच नुकसान आहे."

टिचकीवाल्यांनी ओरडणाऱ्यांचे प्रकार पाडले होते. तरुण ओरडला तर लाडावलेला. बाई ओरडली तर घाबरट. धिप्पाड माणूस ओरडला तर दिसायला पैलवान आणि आत पोकळ. आणि एखादा दात-ओठ खाऊन गप्प राहिला, की हे माझ्याकडे वळून म्हणायचे, "बघा सिस्टर! दुखत असतं तर हा गप्प बसला असता का?" म्हणजे ओरडणारा नाटकी आणि न ओरडणारा यांचा साक्षीदार. असा खटला हरणार कोण?

स्वतः ते त्या टेबलावर कधी झोपले नव्हते. मशीन आली तेव्हा कंपनीच्या माणसाने तीन दिवस शिकवलं, चौथ्या दिवसापासून ते "आमची मशीन" म्हणायला लागले. मशीन पुसायला वेगळं फडकं होतं, त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एकदा त्यांची दाढ ठणकत होती. गालाला रुमाल बांधून, डोळ्यांत पाणी आणून बसले होते. मी गंमत म्हणून विचारलं, "साहेब, दहापैकी किती?" ते कण्हत म्हणाले, "दहापैकी चौदा." दोन दिवस रजा टाकली त्या दाढेपायी.

हा दहापैकीचा हिशोब आमच्या फॉर्मवर असतो. प्रत्येक पेशंटचा एक फॉर्म: वय, डावी बाजू की उजवी, खडा केवढा, शॉट किती, आणि सगळ्यात खाली एक चौकोन, 'वेदना, शून्य ते दहा'. शॉट संपल्यावर पेशंटला विचारून तो भरायचा असतो. टिचकीवाले तो सकाळी भरायचे. आल्या आल्या चहाचा कप डाव्या हातात, दिवसाचे पाच फॉर्म पुढ्यात, आणि एका दमात पाचांवर तारीख घालून झाली की पाचांवर दोन. पेशंट तेव्हा घरून निघालेलासुद्धा नसायचा.

मी सुरुवातीला एकदा विचारलं होतं, दोनच का? ते मला समजावत म्हणाले, "हे बघा, शून्य लिहिलं तर कोणी विश्वास ठेवत नाही. आणि तीनच्या वर गेलं तर नियम आहे, मशीन थांबवायची आणि मोठ्या डॉक्टरांना फोन करायचा. ते ओपीडी सोडून येणार, वैतागणार, पॉवर कमी करायला सांगणार, मग खडा फुटणार नाही. भलं कोणाचं झालं? दोन कसं, दुखलंही आणि नाहीही." मला ते तेव्हा पटलं. फॉर्मच्या तळाशी सिस्टरची सही लागते. ती मी करत होते.

एक बसड्रायव्हर तर बाराशेव्या शॉटला टेबलावरून उठला आणि मागून उघडा गाऊन तसाच फडफडवत लिफ्टपर्यंत गेला. त्याच्याही फॉर्मवर दोन. त्याचा खडा मात्र तो बरोबर घेऊन गेला.

मागच्या वर्षी आमच्याकडे नव्या भूलतज्ज्ञ मॅडम आल्या. वयाने लहान, आवाज हळू, पण नजर अशी की समोरच्याने उगाच शर्टाची बटणं तपासावीत. एका सकाळी त्या येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. तीन पेशंट होईपर्यंत तिथेच थांबल्या. मग म्हणाल्या, "सिस्टर, हे तुम्ही रोज ऐकता?"

मी म्हटलं, "सवय होते, मॅडम."

"पेशंटला पण होते का?"

मी जेलीची बाटली उगाच पुसत राहिले.

त्यांचं म्हणणं असं होतं की पाठीच्या मणक्याशेजारी, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत, एक बारीक सुई घालायची आणि कुशीतलं दुखणं वर मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसा तेवढ्यापुरत्या बधिर करायच्या. नर्व्ह ब्लॉक म्हणतात त्याला. शॉटच्या वीस मिनिटं आधी द्यायचं. माणूस जागा असतो, गप्पा मारतो, फक्त कुशीचा निरोप वर पोचत नाही. हलत नाही, त्यामुळे खड्यावर नेम टिकतो. टिचकीवाले हे ऐकून एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "पाठीत सुई! टिचकीसाठी पाठीत सुई! मुंगी चावू नये म्हणून पाय कापण्यातला प्रकार झाला हा."

मोठ्या डॉक्टरांनी मॅडमचं ऐकून घेतलं आणि पाच महिन्यांचे फॉर्म मागवले. सहाशे बारा फॉर्म होते. त्यांनी ते पत्त्यांसारखे पिसून बघितले. दोन, दोन, दोन. म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे दुखतंच कुठे? नसलेल्या दुखण्यावर इलाज कशाला?"

मॅडमनी टिचकीवाल्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खिडकीतून समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत होते. टाकीत बघण्यासारखं काही नव्हतं.

आणि मग टिचकीवाल्यांच्या घरातच खडा निघाला. त्यांच्या बायकोच्या डाव्या किडनीत, चांगला चौदा मिलिमीटरचा. बायको म्हणजे शाळेतल्या गणिताच्या बाई. सत्तावीस वर्षं शिकवलेलं, सत्तर पोरांचा वर्ग नुसत्या भुवईने गप्प करणाऱ्या. टिचकीवाल्यांना काळजीपेक्षा अभिमानच जास्त झाला. "घरची केस आहे, सिस्टर. आता दाखवतो तुम्हाला पेशंट कसा असतो."

बाई आल्या, झोपल्या. यांनी मनगटावर टिचकी मारली. बाई म्हणाल्या, "हं." पहिले तीनशे शॉट त्या छताकडे बघत होत्या. पाचशेला त्यांनी माझा हात धरला. सातशेला माझी बोटं पांढरी पडली आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, "अहो, बंद करा ते."

माइकवरून लाडिक आवाज आला, "अगं, थोडंच राहिलंय."

"थोडं म्हणजे किती?"

"दोन हजार तीनशे."

"तीन हजारांतले दोन हजार तीनशे राहिलेत, आणि त्याला तुम्ही थोडं म्हणता?"

केबिनमध्ये यांनी हळूच पॉवर खाली आणली. मला काचेतून दिसलं. कुठल्याही काकाची, मावशीची पॉवर त्यांनी आपण होऊन कमी केलेली मी बघितली नव्हती. अर्ध्यावर थांबवावंच लागलं. खडा जेमतेम तडकला होता.

बाई उठून बसल्या, चष्मा लावला आणि टेबलाच्या कोपऱ्यावरचा फॉर्म उचलला. मास्तरणीच्या हाताला कागद लागला की तो वाचल्याशिवाय खाली जात नाही.

"वेदना दोन? हे कोणी लिहिलं?"

"ते आपलं फॉर्मॅलिटी असते गं."

"मला तर अजून कोणी विचारलंच नाही. शाई वाळून खडखडीत झालीये. कधी लिहिलंत?"

टिचकीवाले मशीनचं फडकं शोधायला लागले. बाई माझ्याकडे वळल्या. मी म्हणाले, "सकाळी." माझ्या तोंडून ते कसं निघालं मलाच कळलं नाही.

"पेपर लिहायच्या आधीच मार्क?" बाई म्हणाल्या. "आणि दुखलं मला, आकडा तुमचा? अहो, पोराला नापास करायचं असलं तरी मी आधी पेपर उघडत होते."

घरी काय झालं ते मला माहीत नाही. पण सोमवारी टिचकीवाल्यांच्या शर्टाला इस्त्री नव्हती, आणि मंगळवारीही नव्हती. बुधवारी ते मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "सर, मॅडमचं ते पाठीतलं इंजेक्शन, म्हटलं प्रयोग म्हणून बघायला काय हरकत आहे? आपण मन मोकळं ठेवावं." बावीस वर्षांत ठेवलेलं पहिलं मोकळं मन! फॉर्मबद्दल मात्र त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे, दहा पेशंट करा. आकडा खाली आला तर सगळ्यांना सुरू करू. नाही आला तर विषय संपला." मॅडमनी एकच अट घातली, की आकडा त्या स्वतः विचारतील, शॉट संपल्यावर.

दहांत पहिल्या बाई. मॅडमनी ब्लॉक दिला, वीस मिनिटं थांबल्या, कुशीवर बर्फ टेकवून बघितला. बाईंना गार लागलं नाही. मग मशीन सुरू झाली, आणि त्या खोलीत मी पहिल्यांदा माणसाला टेबलावर गप्पा मारताना ऐकलं. बाई भाचीच्या नव्या नोकरीबद्दल सांगत होत्या. मधेच म्हणाल्या, "शेजारच्या घरात कोणी भिंतीत खिळा ठोकतंय असं वाटतंय. ऐकू येतंय, पण भिंत माझी नाही." तीन हजार पूर्ण झाले. एक तुकडा तेवढा उरला, त्याला आणखी एक खेप लागणार होती. मॅडमनी विचारलं, "किती?" बाई जरा विचार करून म्हणाल्या, "दोन. हे खरं दोन आहे, लिहून घ्या."

बाकीचे नऊही तसेच गेले. कोणी एक म्हणालं, कोणी दोन, एका आजोबांनी सुई टोचताना दुखलं म्हणून तीन सांगितले. मी अख्खा आठवडा घरी गेल्यावर कानात आवाज नसल्यासारखी बसायचे. इतकं बरं वाटत होतं की त्याचीच लाज वाटायला लागली.

मग मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला तिघांना बोलावलं. टेबलावर दोन गठ्ठे. त्यांनी डाव्या गठ्ठ्यावर हात ठेवला. "ब्लॉक नसताना, दोन." मग उजव्यावर. "ब्लॉक दिल्यावर, सरासरी काढली, दोन. मॅडम, मग तुमच्या सुईने केलं काय?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. खोटं दोन आधीच तिथे फतकल मारून बसलं होतं, खऱ्या दोनाला उतरायला खाली जागाच नव्हती.

मॅडम हळू म्हणाल्या, "सर, डावीकडचे आकडे मी विचारलेले नाहीत."

"मग कोणी विचारलेत?"

टिचकीवाले आपल्या बुटांकडे बघत होते. मी त्यांच्या बुटांकडे बघत होते. मॅडमनी आम्हाला पुरेसा वेळ दिला, मग त्यांनीच मान खाली घातली.

"विषय संपला," मोठे डॉक्टर म्हणाले, आणि आम्ही उठताना टिचकीवाल्यांना प्रेमाने म्हणाले, "वहिनींची एक खेप राहिलीये ना? त्यांना देऊ तो ब्लॉक, तुम्ही आपले घरचे."

"थँक्यू, सर," टिचकीवाले म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मस्तकातच राहिली, तोंडात काही आली नाही.

बाईंची खेप गुरुवारी होती. त्यांच्यानंतरचा नंबर त्याच बसड्रायव्हरचा. खडा त्याला झोपू देईना म्हणून बिचारा परत आला होता आणि बाहेरच्या बाकावर गुडघे हलवत बसला होता. सवय कशी असते बघा, त्या सकाळीही पाच फॉर्म, चहा, आणि पाचांवर दोन. बायकोच्याही. मी डोळे मोठे केले तर टिचकीवाले म्हणाले, "तिला ब्लॉक आहेच, दोनच येणार." ड्रायव्हरच्या दोनाचं काय, ते मी विचारलं नाही.

बाई टेबलावर पाठ वाकवून बसल्या. मॅडमनी पाठ पुसली, सुई हातात घेतली. बाई सहज म्हणाल्या, "बाहेर एकजण पार घामाघूम होऊन बसलेत. त्यांना पण देणार ना हे?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "आता फक्त तुम्हाला. आधीचे आणि नंतरचे आकडे सारखेच निघाले."

गणिताच्या बाईंना उत्तर काढायला वेळ लागला नाही. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "म्हणजे तुमच्या खोट्या दोनाशी माझं खरं दोन ताडून बघितलं? आणि तुम्ही तिथे होतात?"

"अगं, सरांनी तुला खास परवानगी—"

"खास!" बाईंनी गाऊनची नाडी बांधली आणि उताण्या झाल्या. "मॅडम, ठेवा ती सुई. त्या माणसाला नाही तर मलाही नको. आणि तुम्ही हो, जा काचेमागे. करा चालू. टिचकीच तर आहे."

टिचकीवाल्यांना वाटलं, पन्नास शॉटमध्ये शरण येईल. ते जाऊन बसले. मशीन टकटक करायला लागली. बाई ओरडल्या नाहीत. हजेरी घेताना लागतो तसा आवाज लावून त्या छताकडे बघत म्हणाल्या, "तीन."

शंभर शॉट झाले. पॉवर टप्प्याटप्प्याने वाढवायची असते, ती वाढली.

"चार."

मी त्यांचा हात धरला. मॅडम पुढे झाल्या, बाईंनी नुसती भुवई उचलली आणि मॅडम जागच्या जागी थांबल्या.

"पाच. ऐकू येतंय ना तिकडे?"

येत होतं. टेबलावरच्या माइकचा स्पीकर केबिनमध्ये थेट यांच्या डोक्यावर लावलेला होता.

"सहा." आता आवाज फाटला होता. डोळ्यांतून पाणी कानात ओघळत होतं आणि माझी बोटं पुन्हा पांढरी पडली होती. काचेपलीकडे यांचा चेहरा त्या दाढेच्या दिवशी झाला होता तसा.

"सात."

मशीन थांबली. चारशे बारा शॉट झाले होते. टिचकीवाले बाहेर आले. त्यांनी फॉर्म उचलला, दोनावर काट मारली, शेजारी सात लिहिलं. तीनच्या वर गेलं की नियम आहे. भिंतीवरचा फोन उचलून त्यांनी मोठ्या डॉक्टरांचा नंबर फिरवला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"सर, खोलीतून बोलतोय. वेदना सात आहे."

मोठे डॉक्टर फोनवरही सभेत बोलल्यासारखं बोलतात, मला सगळं ऐकू येत होतं. "सात? कोणाचं सात?"

टिचकीवाल्यांनी टेबलाकडे बघितलं. मग दाराकडे, ज्याच्या पलीकडे तो ड्रायव्हर बसला होता.

"सगळ्यांचं, सर," ते म्हणाले. "सात, आठ, नऊ. ज्याचं त्याला माहीत. मी विचारलंच नाही कधी. सगळे दोन मीच घालायचो, सकाळी. पेशंट यायच्या आधी."

पलीकडून आवाज आला, या वेळी हळू. "आणि खाली सही कोणाची असायची?"

टिचकीवाल्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, एवढं मात्र त्यांचं मानलं पाहिजे. बाई बघत होत्या, चष्मा नसताना. मॅडम बघत होत्या. मी बाईंच्या हातातून माझा हात सोडवला आणि यांच्या हातातून फोन घेतला.

"माझी, सर," मी म्हणाले. "नऊ वर्षांच्या सगळ्या फॉर्मांवर."